एजंटला नाही सांगा, आणि पाडव्याला मळ्यात पळू नका

पत्र : ताई, वय ३६. पंढरपूर तालुक्यात साडेपाच एकर जमीन, त्यातली अडीच एकर भगवा डाळिंब, बाकी ऊस. विहीर, बोअर, ठिबक सगळं आहे. घरी मी आणि आई. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याचं लग्न सहा वर्षांपूर्वी झालं, त्याला एक मुलगी आहे. माझ्यासाठी आठ वर्षं स्थळं बघतोय. आधी 'शेती किती' विचारतात, मग 'नोकरी नाही का' विचारतात आणि चहा पिऊन जातात. दिवाळी आली की पोटात गोळा येतो. पाडव्याला भावजय भावाला ओवाळते, तेव्हा मी 'लाईट आली, मोटार चालू करून येतो' म्हणून मळ्यात जाऊन बसतो. कधीकधी वाटतं, हे सगळं कुणासाठी करायचं. आता एका एजंटनं स्थळ आणलंय. मुलगी लांबची, गरीब घरची. अडीच लाख द्यायचे, तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्याच दिवशी देवळात लावून देतो म्हणतो. एकवीस हजार दिलेत. मागं आमच्या डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या शेजारच्या वाडीतल्या एका बाईंचा विषय मी आईपुढं काढला होता. त्यांचे मालक कोरोनात गेले, एक मुलगी तिसरीत आहे. फॅट कमी लागला की त्या डेअरीवाल्याशी भांडून मशीन पुन्हा लावायला लावतात. पण विधवेशी लग्न म्हटल्यावर आई म्हणाली, 'माझ्या पोराचा पाट लावायचा नाही मला.' तो विषय तिथंच संपला. नवीन सुरुवात जोडीनं व्हावी एवढंच मागणं आहे. माझ्यात काय कमी आहे? एजंटला पैसे देऊ का? – एक शेतकरी भाऊ

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण एजंट रोज फोन करत असणार. उरलेले दोन लाख एकोणतीस हजार द्यायचे नाहीत. त्यातले दहा हजारही नाहीत. बाकीचं निवांत बोलू.

लांबची मुलगी, गरीब घर, रोख पैसे, देऊळ आणि घाई. एवढं सगळं एका जागी जमलं की पुढं काय होतं ते राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या कागदांवर आहे. मुलीबरोबर एक 'मावशी' आणि एक 'मामा' येतात, ते तिचे कुणीही नसतात. आधार कार्डाची झेरॉक्स दाखवतात, मूळ कार्ड नेमकं 'गावाकडं राहिलं' असतं. देवळात हार पडतात, मोबाईलवर फोटो निघतात, पैसे मोजून घेतले जातात. आठ-दहा दिवसांनी मुलीला फोन येतो, आई सिरीयस आहे. ती अंगावरच्या डागिन्यांसकट जाते आणि त्या संध्याकाळपासून मुलगी, मावशी, मामा, एजंट असे चारही फोन बंद. फसलेला माणूस पोलिसात जायला कचरतो, कारण गावात हसं होतं. एजंटला ते पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो त्याच तालुक्यात दुसरं गिऱ्हाईक शोधायला बिनधास्त फिरतो.

ही झाली त्यातल्या त्यात बरी शक्यता. वाईट शक्यता अशी की मुलगी पळून जाणार नाही, कारण तिला जायला जागाच नाही. कुणीतरी तिला विकलंय, ती सतरा वर्षांची आहे आणि तुमची भाषाही तिला येत नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ सालचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि पैसे मोजून माणूस आणणं हा मानवी तस्करीचा गुन्हा ठरू शकतो, मग वर सनई वाजली काय नि न वाजली काय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात डाळिंबाची जात आहे, विहीर आहे, ठिबक आहे. या मुलीचं नाव कुठंच नाही. तुम्हाला ते सांगितलंय का कुणी? अडीच लाखांतले तिच्या घरी किती जाणार, हे विचारलंत?

लांबची मुलगी करण्यात काही वावगं नाही, हेही सांगते. विदर्भातल्या, कर्नाटकातल्या मुली आपल्याकडं नांदतायत, चांगल्या नांदतायत. पण मग रीत रीतीसारखी करा. आईला घेऊन दिवसाउजेडी तिच्या घरी जा. शेजारच्या दुकानात चहा प्या आणि चार माणसांना विचारा. तिच्याशी एकट्यानं बोला, आणि दुभाषा लागला तर तो एजंटचा माणूस नको. मग म्हणा, आपण नोंदणी पद्धतीनं लग्न करू. विशेष विवाह कायद्यात आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्यांना खरंच मुलगी द्यायची आहे ते महिनाभर थांबतील. आणि वधू-वर जमवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९९८ सालापासून कायदा आहे, विवाह मंडळाला नोंदणी करावी लागते. एजंटला एवढंच विचारा, 'तुमचा नोंदणी क्रमांक किती?' काय उत्तर येतं ते मला कळवा, माझीही करमणूक होईल.

एकवीस हजार मेसेज पाठवून परत मागा, तोंडी नको. परत येतील असं मला वाटत नाही. फोनमधले जुने मेसेज, कॉल, पैसे पाठवल्याच्या पावत्या यातलं काहीही पुसू नका आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. धमकी आली तर ११२ लावा. भावाला आजच सांगा. तो रागावेल, पण तुमच्याआधी एजंटवर रागावेल.

आता 'माझ्यात काय कमी आहे?'

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. तुमच्याच जिल्ह्यातला, तुम्हाला आठवत असेल. लोकांनी व्हिडिओ फिरवून दात काढले. त्या पोरांचं म्हणणं मात्र आकड्यात बसणारं होतं. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७. म्हणजे २००१ ला ज्या पाळण्यात आणि अंगणवाडीत असायला हव्या होत्या, आज पंचविशी-तिशीत असायला हव्या होत्या, त्यातल्या कितीतरी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा. कायदा असतानाही रात्रीच्या गाड्या कुठं जात होत्या ते गावोगाव माहीत होतं. ज्या घरांनी तेव्हा मशीनवाल्याला पैसे मोजले त्यातलीच काही घरं आज मुलासाठी एजंटला मोजतायत. तुमच्या आईनं असं काही केलं असं मी म्हणत नाही. तुम्ही एकटे नाही आणि हे तुमच्या नाकीडोळी दिसण्यावर नाही, एवढंच सांगतेय.

पण आकड्यांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. ज्या मुली आहेत, त्या शेतकरी का नको म्हणतात? 'मुलींच्या अपेक्षा वाढल्यात' हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं आणि मला त्याचा कंटाळा आलाय. त्या मुलीचा बाप स्वतः शेतकरी असतो हो. कांद्याचा भाव पडला त्या रात्री घरात काय झालं ते तिनं पाहिलेलं असतं. आई पहाटे चारला उठते, शेण काढते, भाकऱ्या थापते, दिवसभर खुरपते आणि वर्षाच्या शेवटी मालाच्या पैशाची पट्टी येते बापाच्या नावावर. साडी घ्यायची तर विचारावं लागतं. बापानं पाहिलंय, मुलीनं पाहिलंय, आणि दोघं मिळून ठरवतात की हे पुन्हा नको. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही. मग मुलाला पुण्यात फ्लॅट हवा आणि गावाकडं जमीनही हवी, असला दुटप्पीपणा काही घरं करतात तेव्हा चिडायचं तर चिडा.

तुमच्याकडं येणाऱ्या बाईचा दिवस कसा असेल, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलंय? जमीन किती, पाणी किती, हे सांगता. न्हाणीघराला दार आहे का? पहाटेची धार कोण काढणार? तिनं डाळिंबाची निवड-प्रतवारी केली तर त्याचे पैसे तिच्या खात्यावर जाणार का? सातबाऱ्याचं काय? शेतकरी संघटनेनं एके काळी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, आणि त्याच नावाच्या सरकारी योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडं विचारा. पुढच्या स्थळाला बायोडाटा देताना 'बागायत साडेपाच एकर'च्या खाली ही एक ओळ लिहून पाहा, की वाटणी झाल्यावर माझ्या हिश्श्यावर पत्नीचं नाव लावणार. मुलीचा बाप कदाचित वाचणार नाही. मुलगी वाचेल.

एजंटसाठी बाजूला काढलेल्या पैशातून आधी न्हाणीघर बांधा. येणारीसाठी नाही, आईसाठी. त्यांचं वय काय, आणि अजून चुलीपुढं बसवलंय तुम्ही त्यांना.

आणि स्वयंपाक शिका. नुसता चहा नव्हे, भाकरी. आई आजारी पडली तर घरात काय शिजतं, हे मी पत्रावरून ओळखलंय.

दिवाळीचं बोलू. चार दिवस काढायचे कसे, हा तुमचा खरा धसका आहे आणि त्यातही पाडव्याची ती दहा मिनिटं. मोटारीचा बहाणा सगळ्यांना माहीत आहे, भाऊ. भावजयीलाही. तुम्ही चप्पल घालता तेव्हा तिचाही हात ताटावर अवघडत असेल, आणि तुमची आई रडते ती तुमचं लग्न नाही म्हणून जेवढी, तेवढीच सणाच्या दिवशी पोरगं एकटं मळ्यात जाऊन बसलंय म्हणूनही.

पाडवा नवरा-बायकोचा दिवस आहे, मान्य. पण तो बलिप्रतिपदेचा दिवस आहे, हे तुम्ही शेतकरी असून विसरलात? 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' हे कुणासाठी म्हणतात? ज्या राजाच्या नावानं शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात, त्याचा हा दिवस. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. या दिवशी बापाला लेकी ओवाळतात, कोल्हापूरकडं म्हशी सजवून मिरवतात. तुमच्या घरात ओवाळायला पुतणी आहे. तिला पाच वर्षांची धरा, ताट हातात द्या, मागून तिच्या आईला धरू द्या. भावाशेजारी दुसरा पाट मांडा आणि बसा. ओवाळणीत पैसे नको, तिच्या मापाचं काहीतरी आधीच आणून ठेवा. हे पाडव्याच्या दिवशी ऐनवेळी सुचून होणार नाही, म्हणून भावाला आधी फोन करून सांगा की यंदा मी घरात असणार आहे.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा आईबरोबर तुम्ही करा. गोठा तुमचाच आहे, त्या दिवशी पाहुणेही नसतात, सुरुवात सोपी जाईल. भाऊबीजेला सख्खी बहीण नसली तर चुलत, मावस कुणीतरी असेलच. वाट पाहू नका, तुम्हीच गाडी काढून जा. कुणी विचारलं, 'काय मग, यंदा तरी बार उडवणार का?' तर म्हणा, 'पहिली पत्रिका तुम्हालाच, पण आहेर घसघशीत पाहिजे.' आणि फराळाकडं वळा. हेच वाक्य सगळ्यांना. प्रत्येकाला नवं उत्तर द्यायला गेलात की माणूस सोलून निघतो.

गावात लग्न न झालेल्यांचा एक कंपू असतो, तो लक्ष्मीपूजनाच्या रात्री ढाब्यावर बसतो. तुमचाही असेल. जा, हसा, जेवा. बाटलीपुरतं सांभाळा, कारण ती एकदा रोजची झाली की पुढच्या स्थळाच्या चौकशीत पहिली तीच निघते.

एक वाक्य मात्र मला सोडून देता येत नाही. 'हे सगळं कुणासाठी करायचं' असं लिहिलंय तुम्ही. थकून लिहिलं असेल. पण झोप लागेनाशी झाली, जेवण नकोसं झालं, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला, तर त्याच वेळी १४४१६ लावा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्रीही. आणि भावाला सांगा. तुमच्या भागात किती जण न बोलता गेले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लग्न जमेल, अशी हमी मी देत नाही. देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. कदाचित नाही जमणार आणि तुम्हाला आई, भाऊ, पुतणी, बाग यांच्यासह आयुष्य नीट बांधावं लागेल. तसं जगणारी माणसं आहेत. पण तुळशीच्या लग्नापर्यंत काय ते ठरवायचं, ही मुदत एजंटनं घातली आहे. ती पाळायचं तुमच्यावर काही बंधन नाही.

राहिला डेअरीवरचा विषय. 'तो विषय तिथंच संपला' असं म्हणून तुम्ही संपवलात खरा, पण जिचं नाव ठाऊक नाही तिच्यासाठी अडीच लाख मोजायला निघालात आणि जिची मुलगी कितवीत आहे, ती कशावरून भांडते हे ठाऊक आहे, तिच्यासाठी आईला दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. आई 'पाट' म्हणते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावात कुठल्याही विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड तुमच्यापासून काही फार लांब नाही. तिथंही सासवा होत्याच, त्यांना कुणीतरी समजावलंच असेल. आईला हे भावाकडून सांगा, दिवाळीचे पाहुणे गेल्यावर.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती आईला विचारण्याआधीची आहे. त्या बाईंना लग्न करायचं आहे का, हे तुम्हाला माहीत नाही. नवरा गेला म्हणजे ती मोकळीच बसली आहे, असं धरून चालू नका. तिला निराधार योजनेचे पैसे मिळत असतील तर दुसऱ्या लग्नानं ते बंद होतील, हा हिशेब तिनं कधीच केला असेल. नवऱ्याकडून वारसानं आलेली जमीन मात्र पुनर्विवाह केला म्हणून जात नाही, आणि हे तिला कुणी सांगितलंय का कोण जाणे, सासरची माणसं तर नक्कीच सांगणार नाहीत. मुलीचं काय, ती कुणाच्या घरी वाढणार, तिचं नाव काय लागणार, हे तिचे पहिले प्रश्न असतील. त्याची उत्तरं तुमच्याकडं तयार हवीत. 'बघू पुढं' चालणार नाही.

तिच्या भावाला किंवा दिराला गाठू नका, थेट तिला विचारा. डेअरीवर चार माणसांत नको, मुलीसमोर नको. तिच्या ओळखीची एखादी शहाणी बाई असेल, अंगणवाडी ताई, आशा ताई, तिला बरोबर घ्या. सरळ म्हणा, 'माझ्या मनात असं आहे, तुमच्या मनात नसेल तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.' उत्तर द्यायला वेळ द्या, तिच्या मागं लागू नका. आणि नाही म्हणाली तर महिनाभर दूध घालायची वेळ तुम्ही बदला, तिला बदलायला लावू नका.

– ताई